रकाना चौदा

डबी अजून कोमट आहे.
तिच्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर निळ्या पेनाने
सव्वीस, भोये सुगंधा तुळशीराम.
दाराबाहेर मावशी उभी होती,
नळ सोडू नकोस म्हणाली, मला आवाज ऐकू यायला हवा.
एकोणीस वर्षांत
इतकं कान देऊन माझं कुणी ऐकलं नव्हतं.

शरणपूर रोडला, नर्सिंगच्या खिडकीखाली, चाळीसेक मुली,
पेठच्या, कळवणच्या, दोघी निफाडच्या,
कुणी डबी ओढणीत झाकलेली,
कुणी तीर्थाच्या वाटीसारखी धरलेली.
एकीला हसू आवरेना.
तिच्यामुळे ओळभर हसलो, मग परत गप्प.

फॉर्मात रकाना चौदा:
सध्या कोणती औषधे घेता?
दीड इंच जागा.
तिथे मी आधी लिहिलं, रक्तवाढीच्या गोळ्या.
मग खोडलं. मग खोडलेलं पुन्हा खोडलं,
खालचं अक्षर कुणाला लागू नये म्हणून.

आई अंबडला एका कंपनीत गोळ्यांच्या पट्ट्या तपासते.
दहा खड्डे, दहा गोळ्या, एक रिकामा दिसला की पट्टी बाजूला.
बारा वर्षं हेच.
ती म्हणाली, लिहू नकोस.
औषध लिहिलं की आजार लिहावा लागतो,
आजार लिहिला की लोक कांदा घेऊन धावतात.
तिला माझी आठवी आठवत होती.
मी फळ्यापाशी पडलेली,
नाकाशी कुणाची तरी चप्पल,
आणि सर ओरडत होते,
उजव्या पायाची आणा रे, उजव्या पायाची.

रूममधली म्हणाली, चार दिवस गोळी सोड, सगळं धुऊन निघतं.
मी दोन रात्री सोडली.
तिसऱ्या पहाटे मोरीत जाग आली,
बादली आडवी, तोंडात लोखंडाची चव.
आत्ताही जिभेची डावी कड सुजलेली आहे,
पाणीसुद्धा टोचतं.

टेबलावर पट्ट्या मांडल्यात.
तपासणारा दादा शेजारच्याला शिकवतोय:
रेघ उमटली तर स्वच्छ.
नाही उमटली, तर सापडलं.
उलटंच आहे सगळं.
म्हणजे जिथे काहीच दिसत नाही
तिथे मी.
सात वर्षं, रोज रात्री दहाला,
सिव्हिलच्या खिडकीवरून आणलेली
डाळीएवढी पांढरी कडू गोळी
त्या कोऱ्या जागेत बसून आहे.

सव्वीस. कोण आहे?

एस्तेर साळवे मॅडम चष्म्यावरून बघतात.
काय घेतेस?
पिशवीत केसपेपर आहेत,
एक भिजून वाळलेला, त्यावरची सही पसरून जांभळी,
सही करणारे डॉक्टर केव्हाच बदलून गेले.
पण मॅडम पिशवीकडे बघत नाहीत, तोंडाकडे बघतात.

मी नाव सांगते.
फेनोबार्बिटोन.
सहा अक्षरं, सुजलेल्या कडेवर घासून येतात,
'र्बि'ला डोळ्यांत पाणी.
फिटसाठी, म्हणते.
मागे ओळ ऐकते आहे. ती हसरीसुद्धा.

आ कर, म्हणाल्या.
हनुवटी धरून बॅटरी लावली, बघत राहिल्या.
किती दिवस सोडलीस?
दोन.
आणि उद्या वॉर्डात पेशंटनं सोडली तर काय सांगशील?
मी तोंड उघडंच ठेवून उभी.

रकाना चौदात, माझ्या खोडाखोडीच्या डोक्यावर,
त्यांनी गोळीचं पूर्ण नाव लिहिलं, किती मिलिग्रॅम ते लिहिलं,
पुढे, गुरुवारी नवीन चिठ्ठीसह हजर.
घेतलं की नाही, ते कुठेच लिहिलं नाही.

त्र्यंबक नाक्यावरून आईला फोन केला.
लिहिलंस?
मी नाही. त्यांनी लिहिलं.
पलीकडे पट्ट्यांची खडखड चालू,
बराच वेळ तेवढीच.
मग ती म्हणाली, थांब जरा,
एक खड्डा रिकामा आलाय.